तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो

१ जानेवारी, गुरुवार. सकाळी ७.१०

नववर्षाची सुरुवात अन्यायाने झाली. सोसायटीच्या फळ्यावर रोज एक सुविचार मी लिहितो. विनामूल्य, स्वतःच्या खडूने. आज खाली उतरून पाहतो तो चेअरमन सहदेवरावांनी माझा मजकूर अर्धा पुसून त्यावर पाण्याची सूचना ठोकलेली. माझे फक्त दोन शब्द शिल्लक होते. त्यामुळे फळा असा वाचावा लागत होता: 'जीवन हे शुक्रवारी येणार नाही. भरून ठेवावे.'

दोन माणसं तो वाचून गंभीरपणे मान हलवत गेली. डोंबिवलीत वाचक आहे, पण पारख नाही.

काल ठाण्यात खोपटला दादाच्या निवृत्तीचा समारंभ झाला. दादा म्हणजे आनंद, माझा थोरला भाऊ. एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक होता. माईकवरून गाड्या पुकारायचा. मी भाषण केलं. त्यातलं एक वाक्य फारच रंगलं: 'काही माणसं जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडतात आणि स्वतः मात्र स्टँडवरच राहतात.' हॉल हसला. साहेबलोक हसले. दादाही हसला, मग बराच वेळ गळ्यातल्या हाराची फुलं नीट करत बसला. हार जड होता.

परतताना आसावरी (पत्नी) म्हणाली, तू असं बोलायला नको होतंस. कसं, असं मी विचारलं. कसं ते तुला कळतंय, म्हणाली. याला प्रतिवाद म्हणत नाहीत, निकाल म्हणतात.

संकल्प: या वर्षी सुविचार फक्त स्वतःचे. उसने बंद. आणि दादाला एक फोन. सहज.

४ जानेवारी, रविवार

आजचा सुविचार: 'आधी फोन करणारा हरत नाही, त्याचा फक्त उरलेला दिवस मोकळा होतो.' स्वतःच लिहून स्वतःच प्रभावित झालो. फोटो काढून ग्रुपवर टाकला. लगेच बारा नमस्कार आले.

दादाला फोन करणारच होतो, पण पौष चालू आहे हे ध्यानात आलं. पौषात शुभकार्य वर्ज्य. वल्लरीने (कन्या, टीवाय, कशावरच विश्वास नाही) विचारलं, बाबा, काकाला फोन करणं हे शुभकार्य कधीपासून झालं? आणि मग काल तू पिझ्झा कसा मागवलास?

पिझ्झा नित्यकर्मात येतो. तिला सांगितलं. ती 'भारी लॉजिक आहे यार' म्हणून आत गेली. बापाला यार.

६ जानेवारी. संध्याकाळी

सहदेवराव पेढे घेऊन हजर. म्हणाले, अहो सौमित्रराव, तुमचं ते वाचलं आणि तडक साडूला फोन लावला. एका पार्किंगवरून बोलणं बंद होतं हो आमचं! दोघंही फोनवर रडलो राव. आता येत्या रविवारी सहकुटुंब जेवायला येतोय. तुमची वाणी सिद्ध आहे.

आणि आसावरीसमोरच विचारलं, तुम्हाला असं सुचतं कसं? अनुभवातून?

आसावरी म्हणाली, नाही, ते अनुभव येऊ देत नाहीत.

पेढा अर्धाच खाल्ला. मावा जुना असावा.

७ जानेवारी

'सल्ला म्हणजे दुसऱ्याच्या घरी लावलेला पंखा. वारा त्याला, बिल त्याला, समाधान आपल्याला.' तळमजल्याच्या कांताताई म्हणाल्या, आज कुणाला टोमणा? म्हटलं, कुणालाच नाही, मनुष्यस्वभावाला. म्हणाल्या, तो कुठल्या मजल्यावर राहतो?

९ जानेवारी, शुक्रवार. पाणी नाही

सुमतीवहिनींचा फोन आलेला. मला नाही, आसावरीला. दादा गप्प गप्प असतो म्हणे.

दादाचा एक बेत होता. सगळ्यांना ठाऊक होता. नोकरीभर ज्या गावांची नावं माईकवर पुकारली, त्यांतली बहुतेक त्याने पाहिलेली नाहीत. गुहागर, अक्कलकोट, विजापूर, पणजी. निवृत्त झालो की एकेक गाव वहिनीला घेऊन बघणार, तेही आपल्याच स्टँडवरून, प्रवासी म्हणून, पुढच्या सीटवर बसून. पहिलं गुहागर, सव्वीस जानेवारीला. दोन सीट्स काढूनही ठेवल्या होत्या. डिसेंबरात आम्ही गेलो तेव्हा मला तिकिटं दाखवली होती. दहावीचा निकाल दाखवतात तशी. आता तो त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, असं वहिनी म्हणाल्या.

निवृत्तीनंतर असं होतंच. कामाची सवय सुटली की माणूस खचतो. मानसशास्त्रात याला काहीतरी नाव असणार. त्याचा संबंध माझ्या एका वाक्याशी जोडणं हा शुद्ध हेत्वाभास आहे. आसावरीला हेत्वाभास म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती कुकर लावत होती. मग शिट्ट्या मोजू लागली.

तरीही फोन करायला हवा. किंबहुना प्रत्यक्ष जायला हवं. फोनवर हावभाव दिसत नाहीत. संक्रांतीला तिळगूळ घेऊन जातो. त्या दिवशी गोड बोलण्याला शास्त्राचाच आधार आहे, वेगळी माफी मागावी लागत नाही.

१४ जानेवारी, मकरसंक्रांत. रात्री ८

गेलो होतो. नोंद करणं आवश्यक आहे, कारण घरात कुणी विश्वास ठेवत नाही.

आसावरीने लाडवांचा डबा दिला. दादाच्या घरी जायचं तर वाट डेपोवरूनच. दादा गेटबाहेर उभा होता. साधा शर्ट, हातात भाजीची पिशवी. गाड्या आत-बाहेर होत होत्या आणि तो नुसता बघत होता. एक ड्रायव्हर हात करून गेला. दादाने नेहमीच्या सवयीने हात वर केला, मग खाली घेतला.

मी रस्त्यापलीकडे होतो. हाक मारणार होतो. पण अशा एकांतात माणसाला गाठणं बरं नव्हे. त्याचाही काही खाजगीपणा असतो. रसवंतीत बसून वाट पाहिली. वाट पाहताना एक लाडू खाल्ला. मग दुसरा, कारण पहिला एकटाच होता. पुढे डबा एवढा रिकामा झाला, की तो घेऊन कुणाच्या दारात जाणं हा त्या माणसाचा अपमानच.

परतीच्या वाटेवर आठवलं: दादाला शिक्षणाची आवड नव्हती, असं आमच्या घरी सर्वांचं मत होतं. वडील गेल्यावर तो कॉलेज सोडून एसटीत लागला आणि मी पुण्याला संस्कृत शिकायला गेलो. दादाचं मत कुणी विचारल्याचं आठवत नाही.

नशिबाने तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो. शास्त्रकारांना माणसाची फार जाण होती.

१५ जानेवारी

काल दादाला तिळगुळाचं चित्र पाठवलं होतं. हलव्याचे दागिने, पतंग, वर माझी दोन ओळींची रचना. आज उत्तर आलं: अंगठा.

त्या अंगठ्याचा अन्वय लावण्यात सकाळ गेली. रागावलेला माणूस अंगठा पाठवेल का? पाठवेल. प्रसन्न माणूस? तोही पाठवेल. वल्लरीला विचारलं. ती म्हणाली, काका ना, समोरच्याचं लांबड वाचायचं नसलं की तो पाठवतो. मलापण पाठवतो. चिल मार.

म्हणजे सगळं ठीक आहे.

१८ जानेवारी, रविवार

अमावास्या. तीही मौनी. कॅलेंडरवर स्वच्छ छापलं आहे. फोनचा प्रश्नच उद्भवत नाही.

उद्यापासून माघ. पौषाची सबब संपली. सबब नव्हे, अडचण.

२० जानेवारी

कल्याणच्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळात माझं व्याख्यान झालं. विषय त्यांनीच दिला होता: 'नाती जपताना'. नकार देणं उद्धटपणाचं झालं असतं.

पहिली पंधरा मिनिटं छान गेली. मग मागच्या रांगेतले एक गृहस्थ झोपले, त्यांचं पाहून शेजारचे. हॉल हातातून जातोय असं वाटलं आणि तोंडून ते वाक्य निघून गेलं. गाड्यांचं. दादाचं नाव घेतलं नाही. हॉल जागा झाला. काय हशा! झोपलेल्या गृहस्थांनी उठून वहीत लिहून घेतलं आणि नंतर स्टेजवर येऊन विचारलं, हे आपलंच का हो? कुणावरून सुचलं?

मी म्हणालो, असंच. मनुष्यस्वभाव.

नारळ आणि शाल मिळाली. शाल घरी कपाटाच्या मागे ठेवली आहे. आसावरीने, काय बोललास, असं विचारू नये म्हणून. तिने शाल पाहिली. घडी नीट करून परत तिथेच ठेवली.

२१ ते २४ जानेवारी

फळा कोरा. घसा बसला आहे. (लिहायला घसा लागत नाही हे वल्लरीने निदर्शनास आणलं.)

२५ जानेवारी, रथसप्तमी. दुपारी

शेवटचा दिवस. आसावरीने डबा दिला आणि म्हणाली, झाकणाला टेप लावली आहे.

सगळ्या वाटेत वाक्य जुळवत गेलो. सुरुवात 'माझ्या हातून प्रमाद घडला' अशी होती. मग प्रमाद काढून चूक घातली. मग वाटलं, सरळ 'दादा, माझं चुकलं' म्हणावं. एवढंच. तेवढ्यात दार आलं.

दादानेच उघडलं. ये रे सोमू! अगं, साहेब आलेत, चहा टाक. गळ्यात हात टाकून आत नेलं. किती हलकं वाटलं! राग नाही, काही नाही. सुमतीवहिनींनी मात्र कप असा ठेवला की बशीत चहा सांडला.

मी तोंड उघडणार तर दादाच म्हणाला, अरे, तुझं ते वाक्य काय फेमस झालंय! परवा डेपोतली पोरं आलेली, त्यांनाही ऐकवलं. म्हटलं, आमचा धाकटा संस्कृतचा एमए आहे, तो उगाच बोलत नाही.

वहिनी म्हणाल्या, भावजी, तिकिटं रद्द केली यांनी. उद्याची. गुहागरची.

दादा म्हणाला, अगं जाऊ दे ना. या वयात कुठे नाचत जायचं? स्टँडवरची माणसं आपण, स्टँडवरच बरी. काय रे सोमू, बरोबर ना?

माझ्याकडे बघत होता. खरंच विचारत होता.

मी म्हणालो, लाडू छान झालेत, खाऊन बघ.

टेप निघेना. दादानेच काढली. एक लाडू माझ्या हातावर ठेवला. मी रिवाजाप्रमाणे वाकलो, त्याने डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, मोठा हो.

२६ जानेवारी, सोमवार. सकाळी

झेंडावंदन झालं. सहदेवराव म्हणाले, सौमित्रराव, आज जरा दणदणीत होऊन जाऊ दे, साडूपण आलेत. मी खडू त्यांच्याच हातात दिला. म्हटलं, पाण्याचं लिहा. लोकांच्या उपयोगाचं असतं.

वर येऊन दादाला फोन लावला. मुहूर्त पाहिला नाही. वहिनींनी उचलला. म्हणाल्या, ते घरी नाहीत. गुहागरची गाडी वेळेवर सुटते का, बघायला स्टँडवर गेलेत.

दादा रागावला असता तर मी त्याची समजूत काढली असती. तेवढी भाषा मला येते. तो रागावलेला नाही. मी म्हणालो ते त्याला पटलं आहे, मी म्हणालो म्हणून पटलं आहे, आणि आता ते त्याच्या मनातून कसं काढायचं हे मला माहीत नाही.