अर्जातलं एक वाक्य

४ फेब्रुवारी

चि. नानूस,
अ. उ. आ.

हे पत्र दुकानातून लिहिते आहे आणि उत्तरही दुकानाच्याच पत्त्यावर टाक. घरच्या फोनची वायर दादानं गेल्या सोमवारी कापली. आपलं बोलणं पलीकडे कोणीतरी उतरवून घेतं, असं त्याचं म्हणणं. दुकानातून फोन करावा तर गिऱ्हाइकं कान टवकारून बसलेली असतात, आणि मला बोलताना रडू आलं की दिवसभर मापं चुकतात. म्हणून कागदच बरा.

दादा दीड महिन्यापासून छापखान्यात जात नाही. एकतीस वर्षं त्यानं लोकांच्या चुका काढल्या. आता त्याला वाटतं की त्या चुका कोणी मुद्दाम घालतं. त्यानं तपासून दिलेल्या पानात छापताना शब्द बदलले जातात, आणि ते बदललेले शब्द ओळीनं लावले की त्याच्या मरणाची तारीख निघते. खिडक्यांच्या काचांवर आतून प्रुफं चिकटवली आहेत. पाणी तीनदा उकळतो आणि ओतून देतो. मी वाढलेलं ताटात नुसतं फिरवतो. माझ्याशी मात्र पहिल्यासारखाच मऊ बोलतो. काल माझी शाल फाटली तर शिवून घे म्हणाला, लोकांचंच उसवत-शिवत बसतेस.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना भेटून आले. त्याच्या मनाविरुद्ध दाखल करता येईल का, असं सरळच विचारलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, माणूस आजारी आहे, विचित्र वागतो, एवढ्यावर त्याला कोंडता येत नाही. कायदा तीन गोष्टी बघतो. त्यानं एवढ्यात स्वतःला इजा केली आहे का, किंवा करीन म्हणाला आहे का. कोणाच्या अंगावर गेला आहे का, कोणाला त्याची धास्ती बसली आहे का. आणि स्वतःची काळजी घेणं त्याच्या हातून इतकं सुटलं आहे का, की जिवावर बेतेल. यातलं एक तरी हवं, शिवाय घरी ठेवून उपचार होण्यासारखे नसले पाहिजेत. दोन डॉक्टर वेगवेगळे तपासतात, मगच. मी म्हटलं, आमच्याकडे यातलं काही नाही. खरं सांगू, सुटल्यासारखं वाटलं.

बाई भल्या, घरीही येऊन गेल्या. दादानं दार उघडलं नाही. त्यांनी दाराखालून आपलं कार्ड सरकवलं, तर त्यातला एक ऱ्हस्व उकार लाल शाईनं दीर्घ करून यानं ते परत सरकवलं. बाई हसल्या. मी हसावं की रडावं, कळेना.

ताईवरचा लोभ आटू देऊ नकोस.

ताई


१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. हा कायदा ज्यांनी लिहिला त्यांच्या घरी दादा नसणार. आधी कोणीतरी मरावं किंवा मारावं, मग हे दार उघडणार? मी लिफ्ट दुरुस्त करतो, ताई. तार तुटल्यावर कोणी मला बोलावत नाही. तार झिजलेली दिसली की लिफ्ट बंद करायची, लोकांनी शिव्या दिल्या तरी चालतील, असं आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात.

तेव्हा राग येईल, पण ऐक. डॉक्टरांना एक वाक्य कमी पडतं आहे, ते तू दे. दादानं कात्री उगारली, म्हण. दुकानात कात्र्यांना तोटा नाही. एका वाक्यानं त्याला औषध मिळणार असेल तर ते खोटं मी माझ्या डोक्यावर घेतो. तू लहानपणापासून खरं बोलून माझ्या पाठीवर धपाटे आणलेस. या एका खेपेला उलटं कर.

मला पुढचा महिना संपल्याखेरीज सुटी नाही, नव्या इस्पितळाच्या आठ लिफ्ट माझ्या गळ्यात आहेत. तू एकटी पडली आहेस हे मला दिसतं. लांबून शहाणपण शिकवणाऱ्या भावाला माफ कर, आणि आहे तशी माया ठेव.

नानू


२ मार्च

चि. नानूस,
अ. उ. आ.

झालं. दादा परवापासून वॉर्डात आहे.

तुझं पत्र मी कपड्यांच्या गठ्ठ्याखाली दडपून ठेवलं होतं. पण गेल्या आठवड्यात त्याला जिना उतरताना भोवळ आली, आणि मी परत दवाखान्यात गेले. दोन डॉक्टर आले, एक सकाळी, एक दुपारी. दादानं दोघांसाठी दार उघडलं. केस विंचरलेले, सदऱ्याची सगळी बटणं लावलेली. त्यांना खुर्ची दिली, तारीख, वार, हिशेबातली वजाबाकी, सगळं बिनचूक सांगितलं. खिडक्यांवरच्या कागदांचं विचारलं तर म्हणाला, ऊन लागतं. दुसरे डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले की माणूस आजारी दिसतो, पण सक्तीनं न्यावा असं त्यांना काही सापडत नाही. मग त्यांनी विचारलं, तुमच्यावर कधी हात उगारला का.

मी हो म्हटलं. कात्री, म्हटलं. कधी, तर गेल्या मंगळवारी. माझा आवाजसुद्धा कापला नाही, नानू. त्यांनी दाखल करण्याच्या अर्जात लिहून घेतलं आणि मी खाली सही केली.

न्यायला दोघंजण आले. दादानं जिन्याचा कठडा धरला. कोणी ओढाताण केली नाही, थांबून राहिले. मग खालच्या मजल्यावरचे लोक दाराशी येऊन उभे राहिले, तशी त्यानं आपण होऊन मूठ सोडली. माझ्याकडे वळून म्हणाला की वाचायचा चष्मा दे, लांबचा नको.

आज वॉर्डातल्या सिस्टरनं मला बाजूला घेतलं. आला तेव्हा त्याची जीभ लाकडासारखी होती, मूत्रपिंडांवर ताण आला होता. तीन दिवस त्यानं घोटभरही पाणी घेतलेलं नसावं, आणि दोन महिन्यांत अकरा किलो वजन उतरलं आहे. सलाइन लावलं आहे. आणखी दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं, म्हणाली. माझ्या डोळ्यांदेखत माणूस सुकत होता आणि मी डॉक्टरांना सांगून आले होते की आमच्याकडे तसलं काही नाही.

घरात फार शांत आहे. तू लवकर ये.

ताई


९ मार्च

चि. छबूस,
अ. उ. आ.

सलाइन निघालं. आता भात खातो, सिस्टर समोर बसून स्वतः एक घास खाते, मग मी खातो. गोळ्यांनी अक्षर तिरकं येतं आहे, सांभाळून वाच.

इथल्या नियमाप्रमाणे दाखल केल्याच्या कागदाची प्रत मला मिळाली. त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत आणि एका ठिकाणी माझं वय दोन वर्षांनी वाढवलं आहे. आधी वाटलं, हाही त्यांनीच बदललेला कागद. पण सही तुझी आहे. तुझ्या सहीतली ती मागं वळणारी रेघ कोणाला जमणार नाही.

सातव्या ओळीत लिहिलं आहे की मी तुझ्यावर कात्री उगारली.

मला हे आठवत नाही. मंगळवार मी पुन्हा पुन्हा तपासला. सकाळी तू भाकरी झाकून गेलीस, संध्याकाळी आलीस, दिवा लावलास. कात्री कुठेच सापडत नाही. पण इथले डॉक्टर सांगतात की माझ्या डोक्यानं गेले काही महिने मला खोटं दाखवलं, आणि मलाही थोडं थोडं तसं वाटू लागलं आहे. मग मंगळवारही त्यातलाच असेल. तू आयुष्यात खोटं बोलली नाहीस, म्हणजे चूक माझ्या प्रतीत आहे.

लागलं का तुला? कुठे? ते तरी लिही.

मला भेटायला येऊ नकोस. हातांचा भरवसा वाटेनासा झाला आहे. जेवण झालं की ते मांडीखाली घेऊन बसतो. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या गवंड्याला काल उठायला हात हवा होता, तो मी दिला नाही.

इथं एक मंडळ आहे, दाखल करणं योग्य होतं का ते बघायला. सिस्टरनं माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. सोळा तारखेला बोलावलं आहे. मी त्यांना ठेवूनच घ्या म्हणणार आहे.

रागावली असशील. तरी दादाला अगदीच टाकू नकोस.

दादा


११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

तू कात्री उगारली नाहीस. मंगळवारी नाही, कधीच नाही. तुला आठवतं तेच खरं. मी भाकरी झाकून गेले, संध्याकाळी आले, दिवा लावला. बाकी मी रचलं.

मला वाटलं, एका खोट्यानं तू वाचशील. त्या खोट्यानं तुझे हात काढून घेतले जातील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. गवंडीबाबांना हात दे. आज दे.

सोळाला मी येते आणि मंडळासमोर हेच सांगते. मग त्यांनी तुला सोडलं तर सोडोत.

मला माफ कर, असं आत्ता म्हणवत नाही. पाणी पी.

छबू


१८ मार्च

चि. नानूस,
अ. उ. आ.

मंडळ म्हणजे एक लांबट टेबल आणि तिघंजण. मधे निवृत्त न्यायाधीश, एका बाजूला डॉक्टर, आणि दुसऱ्या बाजूला साध्या साडीतल्या एक बाई. त्यांनी स्वतःच सांगितलं की वीस वर्षांपूर्वी त्या याच वॉर्डात होत्या.

मी उभी राहून सांगितलं की सातवी ओळ खोटी आहे. न्यायाधीशांनी विचारलं, ती तुम्हाला कोणी सुचवली. मी म्हटलं, सही माझी आहे. ते म्हणाले की असल्या एका वाक्यावर शहाणी माणसंही वर्षानुवर्षं कोंडली गेली आहेत, म्हणून तर हे टेबल इथं मांडलं आहे. खोट्या अर्जाबद्दल मला शिक्षा होऊ शकते, या खेपेला लेखी समज देतो. मला मान वर करवेना. त्या साडीतल्या बाई मात्र रागानं बोलल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, त्या दिवशी खरं काय होतं ते तुम्ही का सांगितलं नाहीत. मी सांगितलं की पाणी न पिणं हे कारण होऊ शकतं, हे मला कळलंच नाही. मला वाटलं, कारण म्हणजे रक्त.

मग सिस्टरची नोंदवही वाचली. न्यायाधीशांनी सातवी ओळ खोडायला लावली, आणि निकाल दिला की तिच्याविनाही दाखल करणं योग्यच होतं, कारण जिवाला धोका होता. तीस दिवसांपुढे मात्र दादाच्या इच्छेशिवाय एक दिवसही नाही, पुन्हा तसंच कारण निघालं नाही तर.

दादाला काही म्हणायचं आहे का, विचारलं. तो उठला. ठेवूनच घ्या म्हणणार होता तो. म्हणाला की मला घरी जायचं आहे, पण आज नको, अजून पानं हलतात. आणि म्हणाला की ओळ खोडलीत, आभारी आहे, आता निदान हात माझे आहेत. बाहेर जाताना माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

तुझं नाव मी घेतलं नाही. ते तुझं तू बघ.

ताई


२४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

सातवी ओळ माझी आहे. ताईनं ती माझ्या पत्रातून उतरवून घेतली. लांब बसून मला ती फार हुशारीची वाटली होती.

तिसाव्या दिवशी मी तुला न्यायला येतो. माझ्याकडे चल किंवा घरी जा, तू म्हणशील तसं. मला दोन शब्द बोलायचे असतील तर बोल, शंभर असतील तर वाटेत बोल, प्रवास दोन दिवसांचा आहे. तोवर धाकट्याला मनातून उतरवू नकोस.

नानू


२० एप्रिल

चि. छबूस,
अ. उ. आ.

नानूकडे येऊन तीन आठवडे झाले. वाटेत मी त्याला काही बोललो नाही, त्याचाच त्याला जास्त त्रास झाला. सकाळी तो मला कामावर नेतो. त्याच्या लिफ्टमधल्या सूचनांच्या पाट्या मी तपासून देतो. भयंकर आहेत. गोळ्या घेतो. कधीकधी एखादा शब्द अजून डोळा मारतो. मी पुढच्या ओळीवर जातो.

तुझ्यावर रागावलो होतो. अजूनही थोडा आहे. चार दिवस मी स्वतःला तुझा मारेकरी समजलो, हे विसरायला वेळ लागेल. पण विचार करताना हेही आलं की तू सही केली नसतीस तर रागवायला मी उरलो नसतो.

साडीतल्या त्या बाईंनी निघताना मला एक कागद दिला. आपण ठीक असताना तो भरून ठेवायचा. पुन्हा तशी वेळ आली तर आपल्याला कसं न्यावं, काय करू नये, आणि आपल्या वतीनं कोणी ठरवावं, हे त्यात आपणच लिहायचं. मी लिहिलं आहे: पाणी पिणं सुटलं की दोन दिवस वाट पाहू नये. जिन्यात गर्दी होऊ देऊ नये. मला आधी सांगावं, मी ऐकणार नाही हे माहीत असलं तरी सांगावं.

वतीनं ठरवणाऱ्याच्या जागी नानूनं स्वतःचं नाव टाकायला सुचवलं. मी तुझं टाकलं. खोटं लिहिणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. छापून गेलेलं परक्यांसमोर उभं राहून परत घेणारं माझ्यासमोर पहिल्यांदाच कोणी आलं.

कागद सोबत आहे. तुझी सही तळाशी लागते. आधी सगळा नीट वाच, आणि एक जरी ओळ खोटी वाटली तर सही करू नकोस.

दादाचा लोभ आहे तिथंच आहे.

दादा