बाराव्या लादीवरून

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज नोकरीचा पहिला दिवस. एकसष्टाव्या वर्षी! भाचीने जिन्यातच माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मावशी, चार मजले चढलीस, निम्मी मुलाखत झाली, म्हणाली. उरलेली निम्मी झालीच नाही. तिने खुर्ची दाखवली, ही वही दिली आणि रोज काय केलं ते लिहीत जा म्हणाली.

ऑफिस म्हणजे दोन खोल्या. मागच्या खोलीत तिचा जोडीदार बसतो. कामातला जोडीदार, लग्नाचं विचारलं तर दोघंही एकदम नाही म्हणाले आणि मग हसत सुटले. तो दिवसभर कोड लिहितो, म्हणून मी त्याला कोडवाला म्हणते. त्याला ते आवडलेलं दिसतं. पुढच्या खोलीत भिंतीला लागून टेबल, त्यावर मोठा स्क्रीन, आणि बरोबर समोर, बारा लाद्या सोडून, गॅलरीचं दार. उजेड भरपूर आहे. मला खोली आवडली.

दोघांनी मिळून तीन वर्षं एक गेम बनवलाय. रिकाम्या घरात हरवलेल्या माणसाला शोधायचं. पंधरा तारखेला तो दुकानात येणार. दुकान म्हणजे फोनवरचं. तिथे हजारो गेमची चित्रं नखाएवढी होऊन रांगेने लागलेली असतात आणि लोक अंगठ्याने भराभर पुढे सरकवतात. त्या नखाएवढ्या चित्रावर अंगठा थांबला तर ठीक, नाहीतर तीन वर्षं पाण्यात. ते चित्र काढायला मला बोलावलंय.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

भाचीने तिने काढलेलं चित्र दाखवलं. मोठं असताना सुंदर. घर, चंद्र, झाड, वटवाघळं, कंदील घेतलेली मुलगी, वर नक्षीदार अक्षरांत नाव. मग ते नखाएवढं केलं तर धुण्याचं गाठोडं दिसायला लागलं. कोडवाला म्हणाला, तरी मी म्हणत होतो. भाची म्हणाली, तू काही एक म्हणत नव्हतास.

मला हे नवीन नाही. आमचे हे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मी चौथीत शाळा सोडलेली. त्यांच्या अक्षरांत रंग भरता भरता माझी अक्षरं पक्की झाली, पुढची वाचनालयातल्या पुस्तकांनी केली. बसमधल्या माणसाला पाटी वाचायला दोन क्षण मिळतात आणि दोन क्षणांत एकच गोष्ट मावते, असं ते सांगायचे. ते वर परांचीवर उभे असत आणि मी रस्त्याच्या कडेला. तिथून हाताने मला मागे सरकवत न्यायचे. मागे, अजून मागे. रस्त्यापलीकडून वाचता आलं की मी पदर हलवायचे. मग ते ब्रश धुवायला घ्यायचे.

म्हणून भाचीला सांगितलं, सगळं काढून टाक. काळी भिंत, एक उघडं दार, दारातून पिवळा उजेड. नाव जाड अक्षरांत. माणूस नको. लोकांनी त्याला शोधायचंय ना, मग आधीच कशाला दाखवायचा?

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दोन दिवसांत फळीवर रंगवून झालं. हात अजून थरथरत नाही, बरं वाटलं. भाचीने फोटो काढून स्क्रीनवर नखाएवढा करून लावला. सवयीप्रमाणे मी डोळे बारीक केले आणि मागे सरले. तीन लाद्या.

दारात माणूस उभा होता.

जवळ गेले तर नुसता पिवळा रंग. कोडवाल्याने चित्र इतकं मोठं केलं की रंगाचे चौकोन दिसायला लागले. सगळे पिवळे. पुन्हा लहान केलं, पुन्हा तिथेच. मला वाटलं, वयाचे डोळे. पण भाची माझ्या शेजारी उभी राहिली आणि मावशी, तो माणूस काय झकास आलाय, म्हणाली. मी काढलेला नाही हे सांगितलं तर माझ्या पाठीवर थाप मारली.

शनिवार, ८ नोव्हेंबर

गेमचं पान दुकानात आधीच लागलंय, त्यावर भाचीचं आणि माझं चित्र आलटून पालटून लावून पाहिलं. दाराचं चित्र पाहून थांबणारे तिप्पट आहेत. कोडवाला खोलीभर नाचला.

आज गॅलरीचा गंजलेला कठडा वेल्डरने कापून नेला. नवा पुढच्या आठवड्यात. तोवर सुतळी बांधून गेलाय. म्हटलं, यावर तर कपडेसुद्धा वाळत टाकता यायचे नाहीत. तो म्हणाला, मावशी, कपडे घरी वाळवा, इथे कोणी येऊच नका. दाराला कडीही नाही, वाऱ्याने आपोआप उघडतं.

सहाव्या लादीवरून चित्रातला माणूस जास्त स्पष्ट दिसतो. हे उलटं आहे. लांब गेलं की कमी दिसायला हवं.

सोमवार, १० नोव्हेंबर

पानावर लोकांनी लिहिलंय. दारातला माणूस कोण? एकाने लिहिलं, फोन टेबलावर उभा करून मागे मागे गेलो, तो हात हलवतो. कोडवाल्याने त्याला, किती मागे गेलात, असं गमतीने विचारलं. उत्तर नाही.

मी आठव्या लादीवरून पाहिलं. हात वर आहे. तळवा आपल्याकडे. मागे, अजून मागे.

तो हात मला ओळखीचा आहे. पाच वर्षांनी पाहिला. टेबलापाशी जाऊन बसले.

ते गेले त्या दिवशी मला ताप होता. मी कामावर गेले नव्हते. अक्षरं लांबून बघायला खाली कोणी नव्हतं, म्हणून ते परांचीवर स्वतःच मागे सरले. फळी संपली. लोक म्हणतात, नशीब. मला तो ताप आठवतो.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळी आले तर भाची नवव्या लादीवर. चेहरा स्क्रीनकडे, पाय मागे मागे. मी हाक मारली, ऐकलं नाही. दहा. अकरा. दंड धरून ओढली तेव्हा टाच उंबऱ्याला लागली होती आणि दार उघडं. ती हसली. म्हणाली, अगं, चेहरा दिसतोय का बघत होते.

फळी घेतली आणि चित्रातल्या दारावर काळा रंग मारला. दार बंद. नवा फोटो काढायला लावला.

लहान केल्यावर दार उघडंच.

भाचीला म्हटलं, हे चित्र काढ. तुझं जुनं लाव, गाठोडं तर गाठोडं. ती चिडली. तीन वर्षं घातलीत मावशी, आता कुठे लोक थांबताहेत. मग आवाज खाली आणून म्हणाली, तुला त्यात काका दिसतात. आम्हाला चित्रच दिसतं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

झोप नाही. आज दहावी लादी, दरवाजाची चौकट घट्ट धरून पाहिलं. आणि कळलं.

तो उजवा हात हलवतो.

आमचे हे डावरे होते. ब्रश डाव्या हातात, मला मागे सरकवायचे तेही डाव्यानेच. डाव्या बाहीला कोपरापर्यंत पिवळा रंग, किती धुतली तरी जायचा नाही. त्या बाहीचा सदरा माझ्या कपाटात आहे, कोणाला माहीत नाही.

हे ते नाहीत. जे कोण आहे त्याला एवढंच ठाऊक की माणसं मागे सरतात. रडू आलं. सुटल्यासारखं वाटलं, आणि नाहीही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

कोडवाला अकराव्या लादीवर. ओढला. कपाळावर घाम, काही आठवत नाही म्हणाला.

स्क्रीन भिंतीकडे फिरवला. अर्ध्या तासाने पुन्हा दाराकडे तोंड. कोणी केलं विचारलं. दोघंही — आम्ही नाही.

कठडा आता सोमवारी येणार.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सगळ्यांच्या आधी आले. उंबऱ्यात खुर्ची टाकून बसलेय, पाठ गॅलरीकडे. माझ्या अंगावरून कोणी जाणार नाही.

दोघं आले. कोडवाला म्हणाला, मावशी आज पहाऱ्यावर. अकराला गेम उघडणार. दोघं मागच्या खोलीत गेले.

समोर स्क्रीन. बघायचं नाही ठरवलंय.

बारावी लादी. इथून कधी पाहिलं नव्हतं.

उभा आहे. उजवा हात — मागे, मागे —

मी हलले नाही.

हात खाली घेतला.

डावा वर केला.

बाही कोपरापर्यंत पिवळी.

हे मी परवा फक्त इथे, या वहीत लिहिलं. कोणाला बोलले नाही. मला कळतंय. सगळं कळतंय मला.

पण चेहरा — जरा पुसट. अजून हातभर मागून दिसेल —

खुर्ची बाजूला केली. भाची आतून ओरडतेय, मावशी, उघडलं, उघडलं, ये ना —

त्या दिवशी बघायला कोणी नव्हतं. आज मी आहे.

एक पाऊल. ऊन आहे पाठीवर. अक्षरं वाचता येताहेत अजून. पदर हातात घेतलाय, चेहरा दिसला की हलवीन —

अजून एक, मग