भिंतीअलीकडची पाच रोपं

२७ मार्च, शुक्रवार. सकाळी ७.
आजपासून संकल्प: गच्चीवर फक्त हवा खायला जायचं. खाली अबू गालेबच्या बागेकडे बघायचं नाही. मी त्याच्यावर जळतो असं नजाहचं म्हणणं आहे. बायको आहे, काहीही म्हणेल. सर्व्हे खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस एका रिटायर्ड बस ड्रायव्हरवर कशाला जळेल? जॉर्डनमधल्या आमच्या सल्त गावात घरं डोंगरावर पायऱ्यांसारखी बसलेली. माझी गच्ची वर, त्याची बाग खाली. नजर आपोआप जाते.

७.२०. गेली. त्याची कूशाची रोपं चार-चार पानांवर आलीत. आमच्या गल्लीत अबू गालेबचे कूसे म्हणजे काय विचारता! ते बोटभर, फिकट हिरवे, कोवळे भोपळे. नजाह ते पोखरून तांदूळ-खिमा भरते आणि भिंतीवरून त्याला सांगते, "भाऊ, तुमच्या हातांना आरोग्य लाभो." माझ्या हातांबद्दल ती शेवटचं बोलली तेव्हा मी बरणी फोडली होती.

२९ मार्च, रविवार.
चमत्कार. आमच्या परसात, अबू गालेबच्या आणि आमच्या मधल्या भिंतीच्या अलीकडे, पुदिन्याला लागून, पाच अंकुर. मी काहीही पेरलेलं नाही. जाड देठ, दोन गुबगुबीत पानं. भोपळ्याच्या जातीतलं आहे हे नक्की, कुठला भोपळा ते कळत नाही. टेप आणून मोजलं. पाचही रोपं एकमेकांपासून बरोबर साठ सेंटीमीटरवर. निसर्गाला मोजमापाची शिस्त असते, हे मी खात्यात ओरडून सांगायचो. कुणी ऐकलं नाही.
नजाहला दाखवलं. ती म्हणाली, बरं झालं, तुम्हाला आता बघायला काहीतरी झालं. आणि घाईघाईने आत गेली. भारावली असावी.

२ एप्रिल, गुरुवार.
अबू गालेबकडून ताट आलं. त्याच्या बागेत पहिलं जे निघेल ते आधी आमच्याकडे येतं. आज कोवळा 'फूल', म्हणजे वालपापडीसारख्या शेंगा. ही शेंग आम्हाला कुठे मिळत नाही असं थोडंच आहे. पण नजाहचा हट्ट, आधी तुम्ही खा. गेली तीन वर्षं हेच. गल्लीत मला मान आहे, एवढं तरी कबूल केलं पाहिजे.

७ एप्रिल.
फोनमधल्या ॲपने फोटोवरून झाड ओळखायचा प्रयत्न केला. रविवारी: काकडी. सोमवारी: तांबडा भोपळा. आज: कलिंगड. ॲप डिलीट केलं. स्वतःच निष्कर्ष काढला. आमचे आजोबा खाली वादी शुऐबच्या खोऱ्यात एक पांढरा कूसा लावायचे, तो आता कुठेच दिसत नाही. ती जात साठ वर्षं मातीत दबून होती आणि योग्य माणूस रिटायर होण्याची वाट बघत होती. पुरावा नाही. पण त्याविरुद्ध तरी कुठे आहे?
(नजाहची आठवण: आजोबा फक्त कांदे लावायचे. बाई कधी भेटलीही नव्हती त्यांना.)

१५ एप्रिल, बुधवार.
आमच्या मुलीचं, बयानचं लग्न ठरलं. इर्बिदचं घराणं, मुलगा इंजिनियर. १२ जूनला शुक्रवारी साखरपुडा, बावीस माणसं जेवायला. मुलाची आजी खेडेगावची, भरले कूसे खाऊनच घराची पारख करते म्हणे. नजाहने लगेच हिशोब मांडला, साठ कूसे लागतील, अबू गालेबला आत्ताच सांगून ठेवते.
मी म्हटलं, "माझ्या मुलीच्या पंगतीत त्या माणसाचा एकही कूसा पातेल्यात पडला, तर मी ताटावर बसणार नाही."
बयान म्हणाली, "बाबा, पाच रोपांवर साठ?"
मी म्हटलं, बघशील. आता मागे फिरणं नाही. मुलीच्या सासरच्यांसमोर एक तर माझी मान ताठ, नाही तर अबू गालेबची.

३ मे, रविवार.
गच्चीवर गेलो होतो. हवा खायला. त्याची पानं सुपाएवढी झालीत. मी फक्त एवढंच म्हटलं, "बाप रे, काय ही पानं!" तर खालून त्याची बायको धावली आणि रोपांवर चादर टाकली. भर दुपारी! व्यवसायातलं गुपित दुसरं काय. त्यांनी माझ्या गच्चीच्या बाजूला निळा डोळाही टांगलाय. त्यांना कुणाची तरी दृष्ट लागण्याची भीती दिसते. गल्लीत मत्सरी लोक आहेतच. कोण असेल, हा विचार करत संध्याकाळ गेली.

९ मे, शनिवार.
फुलं! पिवळीधमक, तळहाताएवढी. सकाळचे दीड तास त्यांच्याकडे बघत बसलो. चहा तिथेच घेतला.
नऊ वाजता मधमाश्या आल्या. कुणाच्या? अबू गालेबच्या. त्याच्या दोन पेट्या आहेत. म्हणजे मेहनत माझ्या फुलांची आणि मध त्याच्या बरणीत. आणि तो मध तो आम्हालाच ताटात पाठवणार आणि नजाह त्याच्या हातांना आरोग्य देणार! दोऱ्याचं रीळ आणून एकूण एक फूल बांधून टाकलं. हद्द आखणं हे माझं काम आहे.

२० मे.
रोज पहाटे नवी फुलं बांधतो. छोटे कूसे येतात, करंगळीएवढे होतात, पिवळे पडून गळतात. अठरा गळले. दृष्ट. दुसरं काय असणार? नजाहच्या नकळत मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि धूर भिंतीपलीकडे जाईल असा पंखा लावला. अबू गालेबने खोकत विचारलं, काही जळतंय का? मी म्हटलं, ज्याचं जळतंय त्याला ठाऊक.

२८ मे, गुरुवार.
ताटात त्याचे पहिले सहा कूसे. नजाहने भरले. मी खाणार नव्हतो. "आधी तुम्ही," म्हणून तिने एक पुढे केला. चार खाल्ले. चव बेताची. पाचवाही तसाच होता.

३ जून.
कुणीतरी माझे दोरे सोडतंय. बयानवर संशय आहे. विचारलं तर म्हणाली, बाबा, माशी बसल्याशिवाय फळ धरत नाही, हे चौथीच्या पुस्तकात आहे. आजकालची पुस्तकं!

११ जून, गुरुवार. रात्री जेवणानंतर.
एकूण कूसे: तीन. त्यातला एक वाकडा. उद्या बावीस माणसं. नजाहला म्हटलं, प्रत्येकाला चवीपुरता मिळेल असं कापता येईल. ती मोठं पातेलं घासायला लागली. तीन कूशांना एवढं पातेलं कशाला?

१२ जून, शुक्रवार. सकाळी ८.
स्वयंपाकघरात टोपलीभर कूसे. बासष्ट! ताजे, दव असलेले. मी नजाहकडे बघितलं. ती म्हणाली, पहाटे तोडले, रात्रीतून वाढले. मला क्षणभर शंका आली. पण भोपळ्याचं असंच असतं, काल काही नाही, आज ढीग. पाच रोपं, दर रोपाला बारा, वर दोन. गणित बसतं.

संध्याकाळी ६.
पंगत झाली. आजी आठ कूसे खाऊन म्हणाली, असा कूसा लग्न करून आल्यापासून खाल्ला नाही. मी आजोबा, वादी शुऐब, साठ वर्षं दबलेलं बी, सगळं सांगितलं. अबू गालेबही होता पंगतीत, मान खाली घालून जेवत होता. मला त्याची दया आली. खरंच आली.
मग आजीला बी हवं झालं. मी सगळ्यांना घेऊन मागे गेलो. आजी गुडघ्यावर बसली, पानं उचलून एकेक देठ बघितला आणि मोठ्याने म्हणाली, "अरे बाबा, या झाडांवरून कुणी काही तोडलेलंच नाही. हे तीन तर अजून लोंबतायत."
मुलाच्या बापाने माझ्याकडे बघितलं. बयान पांढरीफटक.
मागून अबू गालेब म्हणाला, "आजीबाई, चूक माझी. यांनी अर्धं बी मला दिलं होतं. जागा माझ्याकडे मोठी, म्हणून लावले माझ्या वाफ्यात. जात यांचीच."
आजी हसली. सगळे हसले. लग्न वाचलं. आणि मला काय वाटलं? की हा माणूस खोटंसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं बोलतो. अंगाचा तिळपापड झाला.

१३ जून, शनिवार.
सकाळीच भिंतीपाशी गेलो. म्हटलं, मला तुझे उपकार नकोत. मी तुला कधी बी दिलं?
तो पाइपाने पाणी घालत होता. पाणी बंद करून म्हणाला, "तू नाही दिलंस. मी दिलं तुला. मार्चच्या मध्याला तू बाजारात गेला होतास तेव्हा मीच येऊन लावले पाच. तुझ्या बायकोने बोलावलं होतं."
का?
त्याने पाइप गुंडाळून ठेवला. मग म्हणाला, "राग मानू नकोस. तू रोज वरून बघायचास. दोन वर्षं माझं पीक वाळलं. गल्लीत सगळे म्हणाले, त्याला आधी खायला घाल, म्हणजे दृष्ट उतरेल. म्हणून ते ताट. तरी उतरेना. नजाहवहिनी म्हणाल्या, त्यांना त्यांचं स्वतःचं काहीतरी असू दे, तिकडेच बघत बसतील."
मी विचारलं, मग ती जात कोणती?
"साधा कूसा. पाकिटातला."
मी म्हटलं, दोन वर्षं पाऊस कमी होता. तो म्हणाला, हो, तसंही असेल. किती सभ्य माणूस! संताप येतो.

१४ जून.
निवांत विचार केला. आख्खी गल्ली माझ्या नजरेला घाबरते, म्हणजे माझ्या नजरेत काहीतरी आहेच. खात्यातही माझी नजर अचूक म्हणून ओळखली जायची. कुणाला एवढी दखल मिळते? याकडे सकारात्मक बघायचं ठरवलं. नजाहवर रागावलो नाही. म्हणजे सकाळी रागावलो होतो. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, पण ते तीन महिने तुम्ही खूश होता ना?

१५ जून, सोमवार.
इर्बिदहून बयानसाठी सोन्याचा हार आला. दुपारभर शेजारपाजारच्या बायका येऊन बघून गेल्या. अबू गालेबची बायकोही. आतून कौतुकाचे आवाज येत होते. मी दिवाणखान्यात पेपर धरून बसलो, हाक येईल म्हणून.
सगळ्या गेल्यावर बयानला म्हटलं, दाखव की बापाला पण.
ती दारात उभी राहिली. डबी पाठीमागे धरलेली. लहानपणी काही फोडलं की अशीच उभी राहायची. मग मोबाइल माझ्या हातात देत म्हणाली, "बाबा, फोटो काढलाय. फोटोत बघा ना."
मी फोटो बघितला. फार वेळ नाही.