खिडकीतलं पत्र

३ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की तू काल पुन्हा घराबाहेर पडलीस. मूत्रपिंडं थकल्यापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस चुकत नाही, हे ठाऊक आहे. पण साथीच्या दिवसांत लोक इस्पितळाच्या सावलीला उभे राहत नाहीत आणि तू तिथे चार-चार तास ठाण मांडून बसतेस. माझ्या जिवाला घोर लागतो.

माझं बघ. छापखाना बंद झाल्यापासून फाटकाबाहेर पाऊल नाही. भाज्या सोड्यात बुडवतो, कड्या साबणाने पुसतो, चपला रोज जंतुनाशकाच्या बादलीत घालतो. आलेलं पत्र तीन दिवस खिडकीत उन्हाला ठेवतो आणि वर उघडायच्या तारखेची चिठ्ठी लावतो. तुझ्याही पत्राला सूट नाही. शेजारीण हसते, हसू दे.

साखर तपासायला मात्र तीन महिन्यांत गेलो नाही. पंधरा वर्षांची जुनी सोबतीण आहे, एवढ्याने रुसायची नाही. गोळ्या वेळच्या वेळी घेतो. त्या चपला बादलीत राहून कडक झाल्यात, त्यामुळे डाव्या करंगळीपाशी सालटं निघालंय आणि पाऊल जरा लाल आहे. दुखतबिखत अजिबात नाही.

फोन करू नकोस. तीस वर्षं छपाईयंत्रापाशी उभं राहून कान गेलेच होते, पण समोरच्याचे ओठ बघून निभावत होतं. आता ओठही मास्कमागे गेले. त्यापेक्षा पत्र बरं.

लोभ असावा, सहा फुटांवरून का होईना.

तुझा छोट्या (वय वर्षं एकसष्ट)

९ मे

चि. छोट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र डायलिसिसच्या खुर्चीतच वाचलं. ऊनबिन दाखवलं नाही. वाचून हात धुतले, झालं. इथे आम्ही सगळे जुने दुखणेकरी. मास्क नाकाखाली घसरला की सिस्टर लांबूनच बोट दाखवते, आणि ज्याला खोकला असेल तो आपणहून सांगून वेगळ्या खोलीत बसतो. भीती आम्हालाही वाटते. पण यंत्र चुकवलं तर साथीची वाट बघायचीही गरज उरणार नाही, हे इथे प्रत्येकाला पक्कं माहीत आहे.

माझ्या शेजारच्या खुर्चीत एक घड्याळवाले असतात. त्यांनाही तुझ्यासारखी साखर. जरा हसतील म्हणून तुझ्या बादलीचा किस्सा वाचून दाखवला. हसलेही, पण दुखत नाही म्हणून तू लिहिलंस तिथे त्यांनी मला थांबवलं. मग पँटचा पाय वर करून दाखवला. गुडघ्याखालचा पाय बसवलेला आहे. त्यांचंही दुखत नव्हतं म्हणाले. साखर आधी पायाची जाणीव खाते आणि मग पाय.

मी तिथूनच फोन केला. तू सगळ्याला हो हो, मी मजेत, असंच म्हणत राहिलास. पाय दाखवलास का विचारलं, त्यालाही तू मजेत. तुझ्या शेजारणीचा नंबर माझ्याकडे नाही, हा माझा गाढवपणा. मला धावत यावंसं वाटतं, पण एका दिवसाआड इथे बांधलेली आहे.

म्हणून हे वाचलंस की तसाच ऊठ, मास्क लाव आणि डॉक्टरांकडे जा. उद्यावर टाकलंस तर माझी शपथ आहे.

लोभ आहेच, थोडा धाकही असू दे.

ताई

२२ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इस्पितळातून लिहितो आहे. डाव्या पायाची दोन बोटं काढली. तब्येत ठीक आहे, साखर उतरते आहे. इथली सिस्टर बोलायचं ते पाटीवर लिहून दाखवते, त्यामुळे बऱ्याच दिवसांनी कुणाशी तरी नीट बोलणं झालं.

तुझं पत्र बारा तारखेला आलं. पाकिटावरचं अक्षर बघूनच बरं वाटलं. नियमाप्रमाणे ते खिडकीत ठेवलं आणि पंधरा तारखेची चिठ्ठी लावली. तीन दिवस त्याच्यासमोर बसून चहा घेतला. पाऊल सुजलं, चप्पल शिरेना, म्हणून नुसता मोजा घालून घरात फिरलो. पंधराला पत्र उघडलं आणि तसाच उठलो. तुझी शपथ मोडली नाही.

डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. करंगळी गेल्यातच जमा होती, पण बाराला आलो असतो तर शेजारचं बोट बहुधा वाचलं असतं, असं त्यांनी पाटीवर लिहिलं. मी वाचल्यावर पुसून टाकलं.

साथीचा रोग काही मला झाला नाही. तेवढं जमलं.

लोभ असू दे. मी त्याच्या लायकीचा वागलो नाही, तरी असू दे.

छोट्या

२८ मे

चि. छोट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून खूप रडले. सिस्टरला वाटलं सुई दुखते आहे.

घरी गेलास की रोज आंघोळीनंतर जमिनीवर आरसा ठेवून दोन्ही तळवे बघ. साखरेची तारीख चुकवू नकोस. चपला बादलीत घालू नकोस. शेजारणीचा नंबर मला कळव.

पत्रं उन्हात ठेवू नकोस असं मी म्हणणार नाही, कारण म्हणून तू ऐकणार नाहीस. खुशाल ठेव. पण यापुढे मी पाकीट वापरणार नाही. हे साधं कार्ड आहे आणि अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

लोभ तर आहेच. कार्ड खिडकीत ठेवशील तेव्हा लिहिलेली बाजू तुझ्याकडे कर.

ताई