सासूबाईंचा कूलर आणि धनु राशीतला ढग

दर्यापूर,
धोंड्याच्या महिन्यातला पहिला रविवार

योगेशभाऊंना जवाई गोपालचा मानाचा नमस्कार.

तुमी बरे असान, वहिनी बऱ्या असतीन, आणि आई तर ठणठणीतच असतीन, कारण काल गीतांजलीच्या मोबाइलवर त्याईनंच 'कोन?' म्हटलं. (मी नाव सांगितलं अन् फोन ठेवल्या गेला. तुमचा मोबाइलही त्याईच्याच उशाशी दिसते, म्हणून हा कागद.) माह्या तब्येतीची काळजी नको. गीतांजली आईसंग अकोल्याले आल्यापासून मी दोन्ही वेळ खिचडी खाऊन राहिलो, अन् खिचडी हे पूर्ण अन्न आहे.

त्या रात्री मी आईच्या उशाचा कूलर काहून उचलला, हे तुमाले एकाच बाजूनं समजलं असन. दुसरी बाजू शास्त्राची आहे. धनु राशीत एक गुलाबी ढग आहे, त्याले तेजोमेघ म्हणतात. नुसत्या डोळ्याले त्याचा रंग दिसत नाही. कॅमेऱ्यानं दोन-दोन मिनिटं टक लावून पाह्यलं की दिसते. पण कॅमेरा तापला की फोटोभर रवा सांडल्यावानी दाणे येतात. आता मे महिन्यात आपल्या वऱ्हाडात कॅमेरा तापणार नाही तर काय कुडकुडणार? मोठ्या शहरातले लोक थंड करायचं यंत्र बसवलेला महागडा कॅमेरा घेतात. मी म्हटलं, घरी अख्खा कूलर असताना महागडा कॅमेरा घेते तो बह्याड.

घरात कूलर एकच. आई मले धोंड्याचं आवतन द्यायले अन् गीतांजलीले कुरडया करू लागाले आल्या होत्या, म्हणून तो त्याईच्या उशाशी. त्या घोरत होत्या. झोपलेल्या माणसाले कूलर गेलेला कळत नाही, असा माह्या अंदाज. (अंदाज शास्त्राले धरून होता, आई त्यात बसल्या नाहीत.) मी एकट्यानं तो गच्चीवर चढवला, कॅमेऱ्यासमोर लावला, अन् दाणे खरंच कमी झाले, हे मी कोर्टातही सांगीन. फक्त कूलरच्या हादऱ्यानं एकूणएक तारा कुरडईसारखा आला. कूलर उलसक दूर सरकवला तर तारे गोल झाले, पण त्याईच्या भोवती पांढरं धुकं दिसू लागलं. मले वाटलं, नवीन तेजोमेघ सापडला! तसं मी फोटोवाल्याईच्या ग्रुपवर टाकलंही. अमरावतीच्या आकांक्षा मॅडमनं दोनच शब्द लिहिले, 'काच पुसा.' पुसली तर बोटाले मीठ! आपलं पाणी खारपाणपट्ट्याचं, कूलरच्या गवताच्या ताट्या दर उन्हाळ्यात मिठानं पांढऱ्या होतात हे मले लहानपणापासून माहीत, अन् तेच पाणी मी भिंगावर फवारून राहिलो होतो. मागं वळतो तर आई, घामानं निथळून, पदरानं वारा घेत. कूलरकडे पाह्यलं, कॅमेऱ्याकडे पाह्यलं, अन् एवढंच म्हणाल्या, "बरं झालं जवाईबापू, यंदा धोंडा कोनाले वाढाचा ते समजलं. या कॅमेऱ्याले." सकाळच्या पहिल्या एस.टी.नं मायलेकी अकोल्याले.

पण हार मानीन तो गोपाल कायचा? बिनकूलरचा उपाय काढला. एकाच ढगाचे खूप सारे फोटो घ्यायचे अन् कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे. ढग दर फोटोत जागच्या जागी, दाणे मात्र दरवेळी नवीन जागी. सरासरी काढली की दाणे विरून जातात. वरून कॅमेऱ्याले झाकण लावून काळे फोटोही घ्यायचे, म्हणजे त्याचे सोताचे डाग समजतात अन् वजा करता येतात. (झाकण लावून फोटो काढताना शेजारच्या कौशल्याकाकूनं पाह्यलं. तेव्हापासून त्या रोज कैरीचं पन्हं आणून देतात, ऊन लागलं म्हणतात.) फोटो असा आला योगेशभाऊ, की पाहतच राहान. एका फोटोत मधूनच विमान गेलं होतं, तेही साफ पुसल्या गेलं. एकदाच घडलेली गोष्ट कॉम्प्युटर धरतच नाही. माह्यं म्हणणं एवढंच, अकरा वर्षांच्या संसारात मी आईच्या उशाचा कूलर एकदाच उचलला. ते विमान समजा.

माफीबिफी मी मागत नाही, शास्त्र माफी मागत नसते. लहानमोठ्या सगळ्याईले नमस्कार.

तुमचा, बिनदाण्याच्या फोटोचा धनी,
गोपाल

ता.क. गीतांजली जाताना कूलरची पाण्याची मोटर पिशवीत घालून घेऊन गेली. कोणी इकडे येत असन तर पाठवा. दुपारी घराची भट्टी होते.

ता.क. दुसरा. नुसती मोटर नको. फोटो तयार झाला तेव्हा मी सवयीनं 'गीता, पाय बरं' म्हणून हाक मारली, अन् मंग मलेच कसंतरी झालं. लय आठवण येते. हे आईसमोर वाचू नका.

ता.क. तिसरा. ते सरासरीचं गीतांजलीले सांगू नका. तिची आठवण पक्की आहे, ती पुरी अकरा वर्षं एकावर एक रचन. त्यापेक्षा येत्या रविवारी मीच कूलर जीपच्या टपावर बांधून आणतो अन् आईच्या उशाशी ठेवतो. धोंडा कॅमेऱ्यालेच वाढायचा असन तरी माही हरकत नाही. फक्त कॅमेरा एकटा प्रवास करत नाही, त्याले घेऊन मले यावंच लागन.