कोपरात कोपर

अबुधाबी,
१४ फेब्रुवारी १९६६

प्रिय युसुफ,

अस्सलाम आलैकुम. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच चुलीत घालशील, म्हणून वरचा पत्ता मुश्ताककडून लिहून घेतला आहे. आत मात्र मी आहे, तय्यबचाचा. दोन महिने होऊन गेले तुला इथून जाऊन. तुला मी एक ओळ लिहिली नाही, पण तुझ्याबद्दल एक पत्र लिहिलं, गावी खैरुद्दीनभाईंना, बिलकीसच्या अब्बांना, आणि त्या पत्राने तुझं आणि आमच्या बिलकीसचं ठरलेलं लग्न मोडलं. मी लिहिलं होतं की भर मैदानात पाठ दाखवणाऱ्याला आपली मुलगी देऊ नये. आज त्या पत्राबद्दल लिहायचं आहे, आणि मी काही गाळणार नाही. तुला माझी सवय माहीत आहे. गोणी एक कमी भरली तरी मी पुन्हा पहिल्यापासून मोजतो.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर. आपल्या धक्क्यावरच्या टीमची तेलाच्या कॅम्पच्या टीमशी मॅच. मैदान आपलं नेहमीचंच, मिठाची जमीन, वर तेल शिंपडून रोलर फिरवलेली. पडलं की गुडघ्याची साल निघते आणि जखमेत मीठ जातं. सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील, त्यांच्या त्या लाल मिशीवाल्याने, ज्याला आपली पोरं घोडा म्हणायची, मुश्ताकच्या तोंडावर कोपर हाणलं. मुश्ताकने दात थुंकला, हातावर घेऊन बघितला आणि माझ्याकडे आणून दिला, ठेवायला! मी तो रुमालात बांधला आणि ओरडलो, "बघत काय बसलात, फोडा त्यांना!" हे मी सांगितलं होतं, युसुफ. नंतर सगळ्यांना सांगत फिरलो की पोरांचं डोकं फिरलं. त्यांच्या एकाची नडगी आपल्या बुटाखाली उघडी पडली तेव्हा मी कुणालाच मागे बोलावलं नाही.

आता भिंतीचं. फ्री किकच्या वेळी दहा यार्डांवर पाच जण उभे करायचे, हे सगळ्या जगात करतात. पण कोपरात कोपर अडकवून उभं करणं हे माझं. पुस्तकात ते नाही. मालवाहू बार्ज किनाऱ्याला लागत नाही, तेव्हा लाटेच्या बाजूला कमरेएवढ्या पाण्यात आपली सहा माणसं कोपरं अडकवून उभी राहतात आणि त्यांच्या आडोशाने बाकीचे गोणी उतरवतात. तिथे कोपर सोडलं की माणूस बार्जखाली. हमदुल्लाची मांडी तशीच चिरडली, माझ्या डोळ्यांसमोर. मला वाटलं, जी माणसं समुद्राला हलत नाहीत ती चामड्याच्या चेंडूला काय हलणार? दोन हंगाम आपली भिंत कुणी फोडली नाही. मी इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेला, डिक्शनरी मांडीवर घेऊन फुटबॉलची पुस्तकं वाचलेला माणूस. स्वतः काढलेल्या त्या युक्तीचा मला किती गर्व होता, ते काय सांगू.

आणि तू पहिल्याच दिवशी म्हणालास, "चाचा, कॉलेजात आम्हाला हात मोकळे ठेवायला शिकवलं. चेंडू तोंडावर आला तर हात लागतात." तू हसून म्हणालास, अगदी अदबीने. पण अकरा जण ऐकत होते. मला झोंबलं. "इथे कॉलेज नाही, इथे मुकादम आहे," असं मी म्हटलं आणि पोरं हसली. तूही हसलास आणि कोपर अडकवलंस. तेव्हाच मी कोपरं सोडायला सांगितली असती तर आज तुझा डावा डोळा असता. तुझ्या म्हणण्यात चूक काही नव्हती. मला फक्त तुझं कॉलेज खुपत होतं.

पहिल्या हाफच्या शेवटी घोड्याने फ्री किक घेतली. तू भिंतीत मधोमध, डावीकडे मुश्ताक, उजवीकडे यूनुस, दोन्ही कोपरं अडकलेली. चेंडू लेसवाला, तोंडाशी जाड नाडी ओवलेला, खाऱ्या दमट हवेने जड झालेला. तो तुझ्या तोंडावर बसला तेव्हा ओल्या गोणीवर लाकूड आपटावं तसा आवाज झाला, मी बाहेर उभा असून मला ऐकू आला. तुला पडतासुद्धा आलं नाही. दोघांच्या मधे तू लटकलास, नाकातून आणि डोळ्याच्या कडेने रक्त. आणि मी टाळ्या वाजवल्या. गोल वाचला होता.

हाफटाइमला तू माझ्याजवळ आलास. मुश्ताक पाणी पीत होता, त्याने ऐकलं नाही. आपल्या दोघांशिवाय हे कुणाला ठाऊक नाही. तू म्हणालास, "चाचा, डाव्या डोळ्याने काहीच दिसत नाही. नुसतं काळं." मी म्हणालो, "मग उजव्याने बघ. यल्ला, चल." बदली खेळाडू घेता येत नाही, दहावर खेळावं लागेल, हे माझं कारण. खरं तर तुला मी कडेला विंगवर उभं करू शकत होतो, नुसतं उभं. पण घोडा पुन्हा फ्री किक घेणार हे मला माहीत होतं आणि माझी भिंत मला पुरी पाच जणांची हवी होती.

एक-एक बरोबरी असताना, शेवटची आठ मिनिटं उरली असताना, ती आलीच. घोडा धावत सुटला आणि तू कोपर सोडवून घेतलंस, दोन्ही हात चेहऱ्याच्या डाव्या बाजूवर धरलेस आणि वळलास. तू आणि मुश्ताक यांच्यामधून चेंडू गेला. गोल. खलास. आपण हरलो.

शिट्टी झाल्यावर मी मैदानात आलो, हातात कुणाचातरी सुटा बूट होता. तुला मी किती वेळा मारलं ते मला नक्की आठवतं. पाच वेळा. सगळे फटके तुझ्या डाव्या गालावर, कारण मी उजव्या हाताने मारत होतो आणि तू समोर होतास. पहिला, दुसरा संतापात गेले. तिसऱ्याला मी बूट वर उचलला तेव्हा माझ्या लक्षात आलं की तू डोकं मागे घेत नाहीयेस. पापणीसुद्धा हलत नव्हती. बूट तुझ्या कानाशी येईपर्यंत तो येतो आहे हेच तुला कळत नव्हतं. तू चेंडूला घाबरून वळलास म्हणून मी मारत होतो, आणि माझ्या बुटाला तू घाबरत नव्हतास, कारण तुला तो दिसत नव्हता. मला हे तिसऱ्या फटक्याला समजलं, युसुफ. त्यानंतर मी आणखी दोन मारले. सगळं मैदान बघत होतं, थांबलो तर का थांबलो ते सांगावं लागलं असतं. शेवटी घोड्यानेच माझं मनगट धरलं. आपल्यातला एकही पुढे आला नाही. तू फक्त हात पुढे करून चाचपडत मुश्ताकचा खांदा शोधलास.

नंतर चार दिवस मी "नाटक आहे" म्हणत राहिलो. पाचव्या दिवशी इस्पितळात नेलं तर डॉक्टर म्हणाला, लगेच आणलं असतं तर कदाचित. त्याच संध्याकाळी मी भाईंना पत्र लिहिलं. त्यात फ्री किकची मिनिटं बरोबर होती, भिंतीतली जागा बरोबर होती, दहा यार्डसुद्धा. हाफटाइम तेवढा नव्हता. तू गावी जाऊन सांगितलंस की धक्क्यावर दोरखंडाचा फटका बसला. माझं नाव घेतलं नाहीस. ते मला इथे कळलं. पण तेवढ्यानेही मी खरं सांगणारं पत्र काही लिहिलं नाही. जानेवारीपासून भिंतीत हात मोकळे ठेवायला सांगतो. मुश्ताकने विचारलं, का? मी म्हणालो, माझी मर्जी.

हे आत्ता लिहिण्याचं कारण असं. परवा भाईंचं पत्र आलं. बिलकीसला दाभोळहून मागणी आली आहे, माझं उत्तर गेलं की होकार कळवतील, बकरी ईदनंतर निकाह, असं त्यांनी लिहिलं आहे. त्याच पत्राच्या घडीत एक चिठ्ठी होती, भाईंना नकळत घातलेली. ईदच्या सलामाखेरीज या मुलीने मला आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. तिने लिहिलं आहे, "चाचा, तुम्ही तिथे उभे होतात. तो पळाला का? हो किंवा नाही, एवढंच लिहा." वर तुला जे लिहिलं ते सगळं मी भाईंनाही लिहिलं आहे, हाफटाइमसकट, पाच फटक्यांसकट, आणि जुम्म्याच्या नमाजनंतर जमातीसमोर वाचायला सांगितलं आहे. गुरुवारच्या बोटीने दोन्ही पत्रं एकदमच येतील. भाई तुझ्या दारात येतील, तेव्हा तू बेसावध असू नयेस. तुला आमच्या घरची मुलगी नको असेल तर तोंडावर नको म्हण. तो तुझा हक्क आहे, मी भाईंना तसं बजावलं आहे. बिलकीसला लिहिलेलं उत्तर मात्र भाईंकडे पाठवलं नाही, ते याच पाकिटात ठेवलं आहे, न चिकटवता. आधी तू वाच. पटलं तर तिला पोचव. तिने एका शब्दात मागितलं होतं, मी दोन ओळी लिहिल्या. पहिली, "नाही, तो शेवटपर्यंत उभा होता." दुसरी, "पळालो मी."

तुझाच,
तय्यब