गोळी लागू पडली तर

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तुझ्या जावयाचे केसही पिकले, आणि आता त्यांच्या फुप्फुसात गाठ निघाली आहे. सलाइनमधून औषध घेऊन बदलापूरला घरी आले की पुढे काही दिवस त्यांना भाताचा वासही सोसत नाही. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "ताई, गाठीच्या तुकड्याची एक तपासणी करू. त्यात ठरावीक दोष सापडला, तर त्याच दोषावरची गोळी मिळते. घरी बसून घ्यायची."

"आणि नाही सापडला तर?"

"तर ती गोळी यांच्या उपयोगाची नाही, एवढं कळेल."

"म्हणजे नुसतं 'नाही' ऐकायचे एवढे पैसे?" मी म्हटलं. हे खुर्चीत बसल्या बसल्या हसले. "डॉक्टर, हिला पावतीबरोबर पिशवीत माल लागतो."

मला हसू आलं नाही, कारण माझ्या तोंडून निघालेला तो आवाज तुझा होता. सिंधी वस्तीच्या कॅम्प पाचच्या बाजारात आपण दोघी उभ्या आहोत, मी नुकतीच मॅट्रिक झालेली. चष्म्याच्या दुकानातला सिंधी शेठ म्हणतो, "माँजी, पहले नंबर तो निकालो." तू म्हणतेस, "तपासाचंच पैसं? चष्मा त आजून हातान नाय." आणि बाहेरच्या गाडीवरचा, कुणालाही चालेल असा तयार चष्मा उचलतेस. त्यातून खडे काही दिसेनात, पुढे तांदूळ तू बोटांनी चाचपूनच निवडलेस. मी मनातल्या मनात तुला अडाणी म्हणायची.

त्या लाजेपोटी मी तपासणीला होकार दिला. तुकडा पाठवलाय, रिपोर्ट यायचा आहे. आणि खरा हिशेब आता सुरू झालाय. तपासणीचा खर्च एकदाचा. गोळी लागू पडली तर मात्र ती महिन्याच्या महिन्याला आणायची, जोवर गुण येतोय तोवर. किती महिने, असं विचारलं तर डॉक्टर म्हणतात, "अशा पेशंटांचं साधारण सांगता येतं, यांचं एकट्याचं नाही." मोरिवलीची जागा विकून आलेले पैसे लेकीच्या नावाने ठेवलेत, ते मोडावे लागतील. लेक म्हणते, "मम्मी, माझ्या नावावर आहेत ना? मग मी सांगते, मोडा." तिला बोलायला सोपं. गहू महाग पडला की स्वस्त, हे मला डोळे मिटून कळतं. पण हे स्वतः जिना उतरून देवळात गेले, परत येऊन चहा पाणचट झाला म्हणून माझ्यावर खेकसले, तर त्या दिवसाचा भाव काय लावू? गोळी माझ्यासाठी असती तर मी नको म्हटलं असतं, आणि सगळ्यांनी मला शहाणी म्हटलं असतं. त्यांच्या वतीने नको म्हणायचा शहाणपणा मी कुठून आणू?

गावदेवीला कौल लावावा असंही मनात आलं. पण फूल कुठल्या बाजूने पडावं हे मी आधीच ठरवून जाणार, म्हणून धीर झाला नाही. काल संध्याकाळी घरातच दिवा लावून हात जोडले, आणि मनातून निघालं ते 'यांना बरं कर' नव्हतं. 'गोळी लागू पडू नये' असं होतं. म्हणजे मला ठरवावंच लागणार नाही. पलंगावरून यांनी विचारलं, "एवढा वेळ काय मागतेस गं?" मी म्हटलं, "तुमच्यासाठीच."

हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही, आणि तुला पोचायचं नाही म्हणूनच लिहवलं. आज सकाळी पुन्हा दिवा लावला, पुन्हा हात जोडले. पण कालचं मागणं मी अजून परत घेतलेलं नाही.